काडतुसावरची शीग

माझी पहिली नोकरी दारूच्या दुकानातली. लग्नासाठी मुली बघायला जायचो तेव्हा हे वाक्य मी मुद्दाम टाकायचो. मुंबई इलाख्यात नुकतीच दारूबंदी आलेली, त्यामुळे समोरच्यांच्या हातातल्या पोह्यांच्या बश्या जागच्या जागी थांबायच्या. मग आमची आई घाईघाईने म्हणायची, "अहो, बंदुकीची दारू हो! काडतुसं भरतो तो!" की सगळे हुश्श करायचे. प्यायची दारू विकणारा जावई चालत नव्हता, माणूस मारायची दारू भरणारा चालत होता. असो.

दिवाळी अंकात थोडं हसतखेळत लिहा, असं संपादकांनी बजावलंय. माझ्याकडचं हसण्यासारखं होतं ते वर लिहून संपलं. पुढचं मी लिहितोय त्याला कारण वेगळं आहे. मागच्या वर्षी आमच्या वर्तकनगरातल्या सोसायटीत एक मुंज होती. जुन्या ठाण्यातले एक गृहस्थ माझ्या शेजारी पंगतीला बसले. त्यांनी पलीकडच्याला माझी ओळख करून दिली, "हे काडतूसवाल्यांकडे होते पूर्वी. त्या पास्कूचा हात गेला ना, तो यांच्याच..." आणि पुढचं त्याच्या कानात सांगितलं. मी जिलबी खात होतो. अर्धं शतक उलटलं, काडतूसवाल्यांचं दुकान गेलं, तिथे मोबाइलचं दुकान आलं, पण पास्कूचा डावा हात ठाण्यात अजून माझ्याच नावावर आहे. तो मी घालवला नाही. कोणी घालवला ते मला एकदा कागदावर उतरवायचंय, बाकी कशासाठी हा खटाटोप नाही.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी मी मॅट्रिक झालो आणि बाजारपेठेतल्या त्या दुकानात लागलो. दुकानं खरं तर दोन होती, एकाच ओटीवर, मधे लाकडी फळ्यांची भिंत. उजवीकडे थोरल्या भावाचं, अण्णांचं, बंदुका-काडतुसांचं. डावीकडे धाकट्या भावाचं, नानांचं, भुसाराचं. अण्णा हडकुळे, तुसडे, दिवसात चार वाक्यं बोलणार. नाना गोरे, गुबगुबीत, रस्त्याने जाणाऱ्या गाईलाही नावाने हाक मारणार. दोघे एका आईचे यावर अनोळखी माणसाचा विश्वास बसत नसे.

आमचा धंदा काय ते आजच्या वाचकाला सांगायला हवं. बंदुकीचं काडतूस एकदा उडवलं की संपलं, असं लोकांना वाटतं. ते खरं नाही. त्या काळी विलायती काडतुसं महाग झाली होती आणि मिळतही नव्हती. म्हणून शिकारी आणि शेतकरी पितळी काडतुसं वापरायचे. उडवलेलं पितळी नळकांडं आमच्याकडे परत यायचं. आम्ही त्याच्या बुडाची फुटलेली टोपी काढायची, नवी बसवायची, आत दारू घालायची, तिच्यावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती दाबायची, मग छर्रे, वर पुठ्ठ्याची चकती, आणि कडेने मेण. झालं काडतूस. त्यासाठी टेबलाला आवळलेला एक हातदांड्याचा साचा, एक लाकडी ठोकणी, पितळी मापं आणि एक सोनाराचा तराजू, एवढीच आमची हत्यारं. बघायला पोरखेळ वाटतो. म्हणूनच त्यात माणसं मरतात.

अण्णांनी मला पहिले कित्येक महिने दारूला हातच लावू दिला नाही. नाचणी दिली. रिकाम्या काडतुसात नाचणी मोजून घालायची, चकती दाबायची, पुन्हा सगळं उकरून काढायचं आणि नाचणी तराजूत तोलायची. प्रत्येक वेळी तेवढीच भरली पाहिजे. मी मॅट्रिकला संस्कृतात पहिला आलेला मुलगा, आणि इथे नाचणी भरत बसलेला. एकदा वैतागून म्हणालो, "अण्णा, आता जमतंय की."

"नाचणी चुकली तर भाकरी होते," ते म्हणाले. "दारू चुकली तर काय होतं, सांग."

त्यांनी तो प्रश्न मला पुढे बरीच वर्षं रोज सकाळी विचारला, न हसता.

त्यांचे नियम मला आजही झोपेत म्हणता येतील. टेबलावर एका वेळी एकच डबा. दुसऱ्या जातीच्या दारूचा डबा हवा असेल तर पहिला आधी कपाटात, कुलपात. दारू तिच्या मूळ डब्यातून बाहेर काढून दुसऱ्या कशात ठेवायची नाही, चिठ्ठी लावूनसुद्धा नाही. विडी, उदबत्ती, कंदील, काहीही पेटतं ओटीवर नको. टेबलाशी बसलेल्या माणसाशी कोणी बोलायचं नाही, आणि बोललंच तर त्याने हातातलं काडतूस उलटं करून पहिल्यापासून भरायचं. डोळ्यांवर चष्मा, नंबर असो वा नसो. चकती दाबण्याआधी प्रत्येक काडतूस खिडकीकडे धरून आत बघायचं. शंका आली की रिकामं करायचं. नळकांड्याच्या काठाला केसाएवढी चीर दिसली तर हातोड्याने तिथेच चेपायचं, कारण नुसतं बाजूला ठेवलं तर गिऱ्हाईक म्हणतं, "एक डाव तर चालेल की हो." आणि शेवटचं, ज्या बंदुकीत ते जाणार ती बंदूक बघितल्याशिवाय भरायचं नाही.

पण सगळ्यांत मोठा नियम शीग उतरवायचा. शीग हा शब्द आता शहरात मेला. शेर-पायलीने धान्य मोजत तेव्हा मापाच्या काठावर जो ढीग चढायचा ती शीग. चांगला दुकानदार शीग लावून देई, कद्रू दुकानदार ती हाताने उतरवी. आमच्या टेबलावर मात्र पत्त्यांच्या कॅटातला एक पत्ता असायचा. माप भरलं की तो पत्ता काठावरून फिरवायचा आणि माप सपाट करायचं. अण्णा म्हणत, "भिंतीच्या पलीकडे शीग लावली की पुण्य, भिंतीच्या अलीकडे लावली की खून."

पलीकडे नाना शीग लावत. धान्य कंट्रोलवर होतं त्या दिवसांत माणसं एकेक मूठ तांदळासाठी हमरीतुमरीवर यायची, तेव्हाही नानांच्या मापावर शीग असायची. कुठून घालत ते देवाला ठाऊक. बायका लांबून, कळव्याहून, खाडी ओलांडून त्यांच्याकडे येत. आमच्या बाजूला येणारं गिऱ्हाईक लाकडी भिंतीच्या फटीतून त्यांचं माप बघायचं आणि मग माझ्या पत्त्याकडे बघायचं. त्या नजरेत काय असायचं ते सांगायला नको. एक डोंबिवलीचे मास्तर होते, हौशी शिकारी. खडवलीला नदीवर बदकं मारायला जायचे आणि दर वेळी बदकांची खुशाली घेऊन परत यायचे. ते मला म्हणाले, "तुझं माप सपाट, म्हणून माझा नेम चुकतो." कल्याणच्या एका वकिलांनी तर काडतुसं परत आणून टेबलावर आदळली होती. म्हणे, आवाजच मोठा होत नाही, गावकऱ्यांपुढे शोभा झाली. मी म्हटलं, "वकीलसाहेब, आवाज हवा असेल तर लवंगी फटाके घ्या, शेजारीच मिळतात." अण्णांनी मान वर केली नाही, पण त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. सात-आठ वर्षांत मिळालेली शाबासकी ती तेवढीच.

पास्कू या गिऱ्हाइकांतला नव्हता. घोडबंदर रोडवर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी त्याचं किरिस्ताव शेतकऱ्यांचं गाव होतं. आज तिथे चाळीस मजली टॉवर आहेत आणि गाड्या तासतासभर अडकून पडतात. तेव्हा भातशेती होती, आणि भात पोसवला की डोंगरातून रानडुकरं उतरायची. पिकाच्या राखणीसाठी पास्कूला बापाच्या वेळची एक दुनळी परवान्यावर मिळालेली होती. पन्नाशीचा काटक माणूस, डोक्याला रुमाल, गळ्यात क्रूस. शिकारीची हौस त्याला काडीची नव्हती. एकदा म्हणाला, "मारायला नाय रे मनोर, पलवायला. तीबी देवाचीच." बाकी सगळ्यांनी मला "अरे पोरा" म्हटलं, याने पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारली. मनोहर या माझ्या नावातला 'ह' मात्र त्याच्या तोंडात कधी बसला नाही.

त्याची बंदूक जुनी होती. तिच्या नळ्या जुन्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या. कपाटात आमच्याकडे दुसरी, नवी दारूही असे, जिला आम्ही बिनधुराची म्हणायचो. तिचा जोर कितीतरी अधिक, म्हणून ती लागते फार थोडी. काडतुसात घातली की नळकांडं जवळजवळ रिकामं दिसतं, वर नमद्याच्या जाड चकत्या घालून जागा भरावी लागते. ती नव्या, मजबूत बंदुकांसाठी. अण्णांनी पास्कूची बंदूक पहिल्यांदा उजेडात धरून पाहिली आणि मला म्हणाले, "हिच्यात फक्त काळी. काळी नसेल तर उपाशी ठेव." हे त्यांनी पास्कूसमोर सांगितलं, मला दोनदा म्हणायला लावलं. दर आश्विनात पास्कू यायचा, मी त्याची नळकांडी तपासून, सपाट मापाने काळी दारू घालून द्यायचो. डुकरं पळायची, भात घरात यायचा. यात सांगण्यासारखं काहीच नाही, आणि धंदा नीट चालतो तेव्हा सांगण्यासारखं काही नसतंच.

मग अण्णा गेले. पोटाचं दुखणं होतं, कुणाला कळूही न देता गेले. परवाना वारसाने नानांच्या नावावर झाला.

नानांना वाईट माणूस म्हणणारा ठाण्यात एकही मिळणार नाही. मीही म्हणत नाही, हीच तर माझी पंचाईत आहे. ते फळीच्या अलीकडे आले ते आपला सगळा चांगुलपणा बरोबर घेऊन आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मधली भिंत काढून टाकली, उजेड यावा म्हणून. टेबलाशेजारी गिऱ्हाइकांसाठी बाक टाकला, गप्पा सुरू झाल्या. मी भरत असलो की मागे उभे राहून बघायचे.

"अरे मनोहर, तो पत्ता कशाला रे फिरवतोस? माणूस बघतोय समोर."

"शीग राहते, नाना."

"राहू दे की! आपल्या घराण्यात शीग कोणी उतरवली नाही. अण्णाचं सोड, तो पहिल्यापासून हाताचा आखडता."

"नाना, हे तांदूळ नाहीत."

"हो रे बाबा, कळतं मला," असं म्हणून ते हसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "पण माणूस आपल्याकडे येतो तो काहीतरी जास्त मिळेल म्हणून येतो. तू मॅट्रिक झालास, तुला हे पुस्तकात सापडायचं नाही."

मी त्यांना अण्णांचे नियम एकेक करून सांगितले, एकदा नाही, अनेकदा. बिनधुराच्या दारूचं छोटं माप दाखवलं, तराजूत तोलून दाखवलं. ते मान डोलवायचे. मग कुणी गिऱ्हाईक आलं की उठून त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायला लागायचे. मी कपाटाची किल्ली माझ्याकडे मागितली. ते दुखावले. "माझ्याच दुकानात?" म्हणाले. किल्ली त्यांच्याच कनवटीला राहिली.

पुढच्या आश्विनात आमची काळी दारू संपली. नवी आणायची तर परवानगीवर सही लागायची आणि ती मुंबईच्या कचेरीत. नानांनी मला पाठवलं. दिवसभर मी तिथल्या बाकावर बसलो. साहेब आले नाहीत. उद्या या, असं शिपायाने सांगितलं आणि मी रिकाम्या हाताने परत निघालो. दिवस मावळायला थोडा अवकाश असताना ओटीवर चढलो, आणि टेबलापाशीच थांबलो. बिनधुराच्या दारूचा डबा टेबलावर, झाकण तिरकं. बाजूला ते छोटं माप, आणि त्याच्या काठावर दारूचे कण. पत्ता जागच्या जागी, कोरा.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"पास्कू," नाना म्हणाले. ते तांदूळ पाखडून घेत होते. "बिचारा रडकुंडीला आला होता रे. डुकरांनी अर्धा भात लोळवला म्हणाला. काळी नव्हती, मग ही दिली भरून. मीच बसलो."

"माप कोणतं घेतलंत?"

"हेच, तुझं धाकटं. पण काय ते माप! तळाला चिमूटभर दिसते. मलाच लाज वाटली. तोही बिचारा बघत होता. म्हटलं, आपल्या दुकानातून माणूस अर्धं काडतूस घेऊन जाणार?" आणि मग ते माझ्याकडे बघून समाधानाने म्हणाले, "पोटभर दिली."

पोटभर. हा शब्द मी पुन्हा कधी जेवणाच्या पानावरही सहज ऐकू शकलो नाही.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. नाना गोंधळले, "अरे, जास्त दिली, कमी नाही!" असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी समोरच्या शिंप्याची सायकल उचलली आणि घोडबंदर रोडला लागलो. तो रोड तेव्हा नावाचाच, चाकोऱ्या आणि धूळ. डोंगरावर ऊन लालसर झालेलं. डुकरं उतरायची वेळ तीच. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो की तो आधी घरी जाईल, जेवेल, शेतातल्या माळ्यावर राखणीला बसेल, आणि डुकरं आज उशिरा येतील.

अर्ध्या वाटेवर समोरून बैलगाडी आली. गाडीवान उभा राहून हाकत होता. आत पेंढ्यावर पास्कू आडवा, आणि त्याची बायको रोजा त्याचा डावा हात आपल्या मांडीवर घट्ट धरून बसलेली. हात गोधडीत गुंडाळलेला. गोधडीचा रंग कोणता होता ते सांगता येत नव्हतं. मी सायकल टाकली आणि गाडीबरोबर धावत राहिलो.

पास्कू शुद्धीवर होता. मला ओळखलं. "नळी फाटली, मनोर," म्हणाला, जणू बंदूक माझी होती आणि तो तिची माफी मागत होता.

"कोणती दारू होती, बघितलंस का तू?"

"काली नव्हती. मी बोललो, नानाशेट, काडतूस रिकामाच दिसतंय. त ते हासले. बोलले, पास्कू, तुला कदी कमी दिलंय काय? न आनकी वतली." मग त्याने डोळे मिटले. रोजाने हे सगळं ऐकलं. गाडीवानानेही ऐकलं असेल, पण तो बैलांवर ओरडत होता.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हात मनगटाच्या वर कापला. जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच नाना टांगा करून पास्कूच्या गावी गेले. रोजाकडून उरलेली काडतुसं मागून घेतली आणि परत येताना खाडीत टाकली. धोक्याची वस्तू लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून. गावाने त्याचंही कौतुक केलं. मी जेव्हा म्हटलं की ती उघडून दाखवता आली असती, तेव्हा नाना माझ्याकडे खरोखरच न कळल्यासारखे बघत राहिले. आजही मी ठामपणे सांगू शकत नाही की त्यांनी ते जाणूनबुजून केलं. त्या माणसाच्या मनात काय होतं ते ओळखायला मला जन्म पुरला नाही.

चौकशीला अधिकारी आले ते महिन्याभराने, पास्कू दवाखान्यातून सुटल्यावर. दुकानातच बैठक झाली. बाकावर गावातले दोन मोठे लोक, नाना, एका टोकाला पास्कू, खांद्यावरून पंचा घेऊन. मी उभा.

नानांनी आधी सांगितलं, आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. "साहेब, मला यातलं काय कळतंय? मी धान्याचा माणूस. भरायचं काम मनोहरचं. पास्कूची काडतुसं तो आधीच भरून ठेवतो, मी फक्त उचलून दिली. पण पोरगा गुणी आहे, साहेब. आमच्या अण्णाने हाताखाली घेतलेला. चूक माणसाच्या हातून होते. मी तुमच्या पाया पडतो, त्याला सांभाळून घ्या."

आणि ते खरोखर हात जोडून उभे राहिले. माझ्यासाठी! समोरचे दोघे मोठे लोक गहिवरले. मी जे केलंच नव्हतं त्याची क्षमा नाना मला मागून देत होते, आणि तीही शीग लावून.

मी म्हटलं, "साहेब, मी काहीच आधी भरून ठेवलं नव्हतं, आणि त्या दिवशी मी मुंबईला होतो."

"सही आणलीत?"

"साहेब भेटले नाहीत."

"मग पुरावा?"

मी पास्कूकडे पाहिलं. रोजाला कोणी बोलावलंच नव्हतं, बोलायला तो एकटाच होता. अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं, "काय रे, तुझी काडतुसं कोण भरायचं?"

"मनोर," पास्कू म्हणाला.

"नेहमी?"

"हां, नेमी मनोरच."

अधिकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. तो एक प्रश्न, "आणि या वेळी?", त्यांनी विचारला असता तर माझं आयुष्य दुसरं झालं असतं. मी मधे बोलायला गेलो, तेव्हा त्या मोठ्या लोकांतल्या एकाने म्हटलं, "नानांनी एवढं केल्यावर तरी गप्प बैस." चोर सोडून संन्याशाला फाशी हे पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. त्यात संन्याशाला चोराचे आभारही मानावे लागतात, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

अपघात म्हणून नोंद झाली. काडतुसं भरायची परवानगी गेली, नानांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. मी आपोआप घरी बसलो. ठाण्यात मला कोणी उभं करीना, म्हणून कल्याणला एका वखारीत कारकून लागलो आणि तिथेच सगळी नोकरी संपवली. अण्णांनी मला जे शिकवलं त्याला पुढे काही गिऱ्हाईक नव्हतं. ते माझ्या हातात तसंच राहिलं. वखारीत लाकडं मोजताना लोक म्हणायचे, हा फार चिकट माणूस.

पास्कूकडे मी एकदाच गेलो. नाताळ होऊन गेला होता. अंगणात भाताचं नवं तूस पसरलेलं. तो पडवीत बसून एका हाताने आणि दातांनी दोरी वळत होता. कोपऱ्यात तांदळाची पोती होती, नानांच्या दुकानाच्या शिक्क्याची. मी यायच्या आधीच मनात सगळं ठरवून आलो होतो. पोती बघितली आणि माझं डोकं फिरलं.

"या पोत्यांसाठी गप्प बसलास?" मी म्हटलं.

रोजा चुलीपाशी होती, तिने मागे वळून बघितलं. पास्कूच्या चेहऱ्यावर इतका राग मी आधी कधी पाहिला नव्हता. त्याने दोरी खाली ठेवली.

"ती मी मांगली नाय. परत धाडली, त पुन्ना आयली." मग म्हणाला, "मी खोटा काय बोललो? नेमी तूच भरायचास ना?"

"त्या दिवशी नाही! तुला ठाऊक आहे. तूच गाडीत मला सांगितलंस. पास्कू, ठाण्यात लोक मला बघून रस्ता बदलतात. माझ्या आईला बायका तोंडावर विचारतात. तू एकदा येऊन सांग, एकाच माणसाला सांग, तेवढं पुरे."

मग त्याने विचारलं, "तू मना किती वर्सं भरून दिलंस?"

"सात-आठ."

"एवड्या वर्सांत कदी एक दाना तरी जास्ती दिलास?"

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "एक कणही नाही. पत्ता फिरवून सपाट द्यायचो, म्हणून तर तुझे दोन्ही हात..."

"त्यांनी दिला," पास्कू म्हणाला. "माजा भात जाताना बगून त्यांच्या पोटात तुटला, न त्यांनी जास्ती दिला. मायेनी दिला. त्याचा वायट जाला, ता माजा नशीब. पन ज्यांनी मायेनी दिला त्यांचा नाव मी सायबाला कसा सांगू? वर गेल्यावर काय तोंड दाखवू?"

"आणि मी? मी काय दिलं नाही तुला? तुझे हात मी इतकी वर्षं राखले, पास्कू!"

रोजा पुढे येऊन उंबऱ्यात उभी राहिली होती. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्यासाठी होतं असं मला वाटतं. पास्कूने माझ्याकडे पाहिलं. राग गेला होता त्याचा. लहान मुलाला समजावावं तशा मऊ आवाजात तो म्हणाला,

"ता खरा रे, मनोर. पन त्याला कोनी देना नाय बोलत."